धवळीचं पाणी

१

जुनी गाडी पाणी पिते यात नवल ते काय? ज्याच्या दारात अशी गाडी उभी असेल त्याला विचारा. सकाळी चहाच्या आधी बॉनेट उघडायचं, ऑइलची काडी ओढून पुसायची, पुन्हा घालून पुन्हा बघायची, फॅनबेल्ट बोटानं दाबायचा आणि रेडिएटरचं झाकण फिरवून आत डोकवायचं. कमी असेल तेवढं पाणी ओतायचं. त्यात ना डोकं लागतं ना डिग्री. एरंडोलचा प्रशील बिऱ्हाडे हे वर्षानुवर्षं करत आला होता. एका खाजगी शाळेत तो विज्ञान शिकवायचा, आणि आपलं घर, आपली शाळा, आपली गाडी यांत न कळण्यासारखं काही नाही अशी त्याची पक्की समजूत होती. बिचारा!

गाडी त्याच्या वडिलांची. बन्सीलाल बिऱ्हाडे, प्राथमिक शाळेतले निवृत्त गुरुजी. घरात आणि गल्लीत सगळे त्यांना नाना म्हणत. नानांनी ती पांढरी गाडी घेतली तेव्हा अख्खी गल्ली पेढे खायला आली होती. आता ते मॉडेल बंद होऊनही जमाना लोटला. तिचं नाव ठेवलं होतं लिलाबाईनं, म्हणजे प्रशीलच्या मायनं. धवळी. पांढऱ्या गाईला म्हणतात तसं. गावाला निघायचं म्हटलं की माय तांब्या भरून आणायची, "धवळीला पाजलं का रे?" म्हणून विचारायची, आणि प्रशील हो म्हणाला तरी स्वतःच्या हातानं रेडिएटरमध्ये थोडं ओतायचीच. मग तोच तांब्या पुन्हा भरून, वर पेला पालथा घालून, मागच्या सीटवर ड्रायव्हरच्या पाठीशी जाऊन बसायची. शेजारी नाना. वाटेत नानांना तहान लागली की पेला तयार. नानांनी मागितलं आणि मायनं दिलं नाही, असं उभ्या संसारात झालं नव्हतं. बऱ्याचदा मागायचीही वेळ यायची नाही.

माय गेल्या पावसाळ्यात गेली. झोपेतच, कुणाला त्रास न देता. आणि दिवाळी सरते न सरते तोच नानांच्या किडन्यांनी हात टेकले. जळगावला डायलिसिसचा नंबर लागेना, म्हणून धुळ्याला, देवपुरातल्या एका दवाखान्यात सोय झाली. आठवड्यातून दोनदा जायचं. बसचे धक्के नानांना सोसवेनात. राहता राहिली धवळी.

तर चैत्र संपत आला होता, बाजारात आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, मडकी येऊन पडली होती. आदल्या दिवशी धुळ्याहून परतताना इंजिनच्या उष्णतेच्या काट्यानं थोडी मान वर काढली होती म्हणून प्रशीलनं सकाळी झाकण फिरवून बोट घातलं. पाणी हाताला लागेना. त्यानं जग ओतला. जग रिकामा झाला तरी पाणी वर येईना. दुसरा जग आणला, तोही अर्धा गेला.

"अगं बाई, हिला एवढी तहान?" सविता ओट्यावरून म्हणाली. सविता म्हणजे प्रशीलची बायको.

प्रशील खाली वाकला. फरशीवर ओल नव्हती. रात्री त्यानं गाडीखाली वर्तमानपत्र अंथरलं होतं, तेही कोरडं ठणठणीत. त्यानं कपाळाला आठ्या घातल्या आणि मनात म्हटलं, कुठूनतरी गळत असेल. कुठूनतरी गळल्याशिवाय पाणी जाईल कुठं?

२

प्रेमराज मिस्त्रीचं गॅरेज हायवेला लागून. माणूस बोलका. हात चालायच्या आधी तोंड चालायचं.

"सर, पाणी एक तर गळतं, नाही तर जळतं," त्यानं फडक्याला हात पुसत निदान करून टाकलं. "तिसरी वाट नसते. बठ्ठं तपासू. बसा तुम्ही."

आणि त्यानं खरोखर सगळं तपासलं. वरचा पाइप, खालचा पाइप, पाण्याचा पंप. पाइप हातानं दाबून पाहिले, कुठं चीर नाही. मग झाकण काढून गाडी चालू केली आणि रेडिएटरच्या तोंडात बघत बसला. हेडचं गॅस्केट गेलं असेल तर पाण्यात बुडबुडे येतात. आले नाहीत. ऑइलचं झाकण उलटं करून पाहिलं. ऑइलमध्ये पाणी मिसळलं की तिथं ताकासारखी साय धरते. धरली नव्हती. मागं जाऊन सायलेन्सरपाशी हात धरला. धूर स्वच्छ. हीटर गळत असेल तर पुढं, पायाशी ओल येते, म्हणून पुढची मॅट उचलली. खाली धूळ.

"कमाल शे राव!" प्रेमराज म्हणाला. मग त्यानं रेडिएटरचं झाकण बदललं. का, तर काहीतरी बदलायला हवं म्हणून.

"अजून एक," प्रशील म्हणाला. "मागून आवाज येतो. टण् असा. खड्ड्यात नाही, चांगल्या रस्त्यावर येतो. एकदा येतो, मग बराच वेळ काही नाही."

"सायलेन्सरचा क्लॅम्प ढिला असणार." प्रेमराज गाडीखाली सरकला, क्लॅम्प आवळला, बाहेर आला आणि हसला. "घट्टच होता तसा. पण आता अजून घट्ट."

तिथूनच प्रशील शाळेत गेला, शाळेतून जळगावला एका कामाला गेला, परत आला. आवाज नाही. पाणी थेंबानंही कमी नाही. प्रशीलला इतकं बरं वाटलं की त्यानं संध्याकाळी सवितासाठी जिलबी आणली.

पुढच्या फेरीला नाना मागं बसले. पारोळा गेलं, मुकटी जवळ आलं, आणि मागून आवाज आला. टण्.

३

देवपुरातल्या त्या दवाखान्यात आत जायच्या आधी वजन करतात. दोन डायलिसिसच्या मधे अंगात किती पाणी साठलं ते काट्यावर दिसतं. लघवी जवळपास बंद झालेल्या माणसाचं पाणी जाणार कुठं? अंगातच राहतं, पायांवर सूज येते, मग छातीत भरतं. म्हणून नानांना पाणी मोजून. एक छोटी वाटी ठरलेली होती. सविता ती भरून द्यायची, नाना ती तोंडाला लावायचे, रिकामी करायचे आणि वाटी पुढं करून म्हणायचे, "आखो."

आखो म्हणजे अजून. घरात अहिराणी आता नानांपुरतीच उरली होती, आणि नानांच्या अहिराणीतही हल्ली हा एकच शब्द फार यायचा. सविता मान फिरवायची. तिला ते बघवत नसे. उन्हाळा असा की भिंतीसुद्धा पाणी मागतील, आणि त्या माणसाला एक वाटी. मायच्या हातचा पाण्याचा पेला सुटला आणि ही वाटी नशिबी आली, असं ती एकदा रडत रडत म्हणालीही होती.

भूषण नावाचा तंत्रज्ञ नानांचं मशीन बघायचा, त्यांना आबा म्हणायचा. त्या दिवशी काटा पाहून तो नानांकडे बघेना, थेट प्रशीलला बाहेर घेऊन गेला.

"सर, किती पाणी पाजता आबांना?"

"मोजून वाटी. डॉक्टरांनी सांगितली तेवढीच."

"मग हे वजन कुठून आलं? दर वेळी वाढतंय. मशीन किती ओढणार? एखाद्या दिवशी छातीत पाणी होईल आणि तुम्ही फोन लावेपर्यंत खेळ खलास. रागावू नका, पण घरात कुणीतरी पाजतंय त्यांना."

घरी आल्यावर व्हायचं तेच झालं. प्रशीलनं सविताला विचारलं. विचारायची पद्धत चुकली.

"मी पाजते?" सविताचा आवाज चढला. "माझ्यावर संशय? दिवसभर त्यांचं 'आखो' मी ऐकते, तुम्ही नाही. मीच मन घट्ट करून नाही म्हणते. पाजत असाल तर तुम्ही. दर फेरीला तुम्हीच असता ना त्यांच्यासोबत!"

तेही खरंच होतं. त्या दिवसापासून गाडीत पाणी ठेवणं बंद. प्रशील स्वतःची बाटलीही घ्यायचा नाही, कारण बाटली दिसली की नानांची नजर तिथून हलत नसे. सविता निघण्यापूर्वी नानांचे खिसे, पिशवी, सीटखालची जागा तपासायची. आपल्याच सासऱ्याची झडती घेताना तिला लाज वाटायची, पण जीव महत्त्वाचा.

पुढच्या फेरीला वजन पुन्हा वाढलेलं. आणि घरी येऊन झाकण फिरवलं तर धवळीचा रेडिएटर पुन्हा रिता.

या दोन गोष्टी प्रशीलच्या डोक्यात शेजारी शेजारी येऊन बसल्या. त्यानं त्यांना लगेच उठवून लावलं. कशाचा कशाला संबंध? विज्ञान शिकवतोस ना तू?

४

ओल त्याला रविवारी सापडली.

तो गाडी धूत होता. पुढच्या मॅट काढून झटकल्या, मागची डाव्या बाजूची काढली. ती कोरडी. उजवीकडची, म्हणजे ड्रायव्हरच्या सीटच्या मागची, उचलली आणि हाताला गार लागलं. मॅटच्या खालचा गालिचा भिजलेला. फार नाही. कुणी पेला भरताना थोडं सांडावं, तेवढाच एक गोल.

प्रशील तिथंच उकिडवा बसला. पाण्याचा पाइप पुढं आहे. इंजिन पुढं, रेडिएटर पुढं, हीटर पुढं. मागं पाणी येईल अशी एक नळी या गाडीत नाही. छत गळावं तर पाऊस नाही. खिडकीची काच बंद. त्यानं ओल बोटावर घेऊन वास घेतला. गंजाचा वास. जुन्या रेडिएटरच्या पाण्याला येतो तोच, लोखंडी.

त्या जागेवर कुणी बसत नव्हतं. नाना डावीकडे बसायचे. थकलेले असायचे, उतरताना दार सोपं पडावं म्हणून डावीकडे. सगळी सीट रिकामी असताना एकदाही आडवे झाले नव्हते, अंग चोरून आपल्याच अर्ध्या भागात बसायचे. हे प्रशीलला आत्ता जाणवलं आणि जाणवलं याचाच त्याला राग आला.

त्यानं प्रेमराजला फोन लावला. "मागं ओल आहे."

"मागं?" प्रेमराज हसला. "सर, मागं कशी असेल? नानांनी सांडलं असेल काहीतरी."

"गाडीत पाणीच नसतं!"

"मग काय धवळी मुतली का?" असं म्हणून प्रेमराज स्वतःच्याच विनोदावर खूप वेळ हसला. प्रशीललाही हसू आलं. माणूस किती घाबरलाय हे कधी कधी हसल्यावरच त्याला कळतं.

५

नाना ओसरीवर खुर्चीत बसले होते. पाय सुजून चमकत होते.

आता नाना म्हणजे काय माणूस होता, ते सांगायला हवं. अमावस्येला शाळेतल्या पोरांना मसणवटीत नेऊन, तिथं गूळ-शेंगदाणे खाऊ घालून परत आणणारा माणूस. "दाखवा बरं कुठं आहे भूत?" असं म्हणत. आखाजीला सगळ्या गल्लीत पितरांच्या नावानं घागर भरली जायची, यांच्या घरात नाही. शेजारच्या धुरपदाबाईनं यंदा हळूच विचारलं होतं, लिलाबाईची पहिली आखाजी, भरणार का. नाना म्हणाले होते, "आमच्यात नाही भरत, धुरपदाबाई. गेलेल्याला तहान नसते." असा स्वच्छ माणूस. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि डोक्यात सगळं जागच्या जागी.

प्रशील त्यांच्या पायाशी बसला. "नाना, खरं सांगा. रागावणार नाही मी. गाडीत पाणी पिता तुम्ही?"

नानांनी लपवाछपवी केली नाही. त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नाही.

"पितो ना."

"कुठून? कुणी दिलं?"

"देस ना ती," नाना म्हणाले. कुणी विचारावं चहा कुणी केला, आणि आपण सांगावं, इतक्या सहज. मग त्यांनी मान वळवून रस्त्याकडे पाहिलं. तिथं एक बकरी कुंपणाचा पाला ओरबाडत होती. ते तिच्याकडेच बघत राहिले.

प्रशीलला पुढं विचारवेना. त्यानं डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, रक्तात विषारी द्रव्यं साठली की डोकं भरकटतं, मेलेली माणसं दिसतात, काळजी करू नका, पण पाणी बंद करा. कारण मिळालं. प्रशीलनं ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

तरीही तो स्वयंपाकघरात गेला आणि माळ्यावरची पेटी खाली काढली. मायची लुगडी, मायचा चष्मा, आणि तळाशी तांब्या, वर पेला पालथा. पेल्याची कड आणि तांब्याचा गळा यांच्यामध्ये कोळ्यानं जाळं विणलं होतं. जाळं अखंड. कित्येक महिन्यांत त्या पेल्याला कुणाचा हात लागला नव्हता.

सुटलो, असं त्याला वाटलं. मग त्यानं जाळं पुसलं आणि पेला उचलून पुन्हा तांब्यावर पालथा ठेवला.

टण्.

क्लॅम्पचा नव्हता तो आवाज. कधीच नव्हता.

६

"आता एकच उपाय," प्रेमराज म्हणाला. "कूलंट. पाणी टाकणं बंद. आपल्याकडे सगळे नळाचं पाणी ओततात, म्हणून आतून गंज धरतो. हे बघा."

त्यानं हिरवा कॅन टेबलावर ठेवला. आतलं पाणी हिरवंगार, कोवळी भाजी असते तसं.

"याचा फायदा काय, रंग लपत नाही. कुठं थेंब पडला तरी हिरवा डाग दिसणार. गळती असेल तर दोन फेऱ्यांत सापडली म्हणून समजा. नि इंजिन थंड राहील, तो बोनस."

प्रशीलला ते एकदम पटलं. रंग टाकायचा, रंग कुठं निघतो ते बघायचं. वर्गात त्यानं हेच शिकवलं होतं, पांढऱ्या फुलाचा देठ शाईत बुडवून. इतके दिवस आपल्याला का सुचलं नाही?

प्रेमराजनं जुनं पाणी सोडून दिलं. तांबूस धार गटारापर्यंत गेली. आतून दोनदा धुतलं, मग कॅनमधलं हिरवं ओतलं, गाडी चालू ठेवून हवा काढली, पुन्हा ओतलं. दुसरा कॅन बंदच प्रशीलच्या हातात दिला.

"डिकीत ठेवा. कमी झालं तर हेच टाका, साधं पाणी मिसळू नका. आणि एक. कुत्र्या-मांजरांपासून जपा. गोड असतं हे. चाटतात नि मरतात. आधी किडन्या जातात म्हणे."

"नानांना सांगून ठेवतो," प्रशील म्हणाला. सांगूनही ठेवलं. शिवाय डिकीला कुलूप घातलं. काळजी घ्यायची ती सगळी घेतली त्यानं. कुणी बोट ठेवायला जागा ठेवली नाही.

७

जाताना काही झालं नाही. काटा मधोमध, नाना झोपेत, रस्ता मोकळा. पांझरेवरच्या पुलावरून देवपुरात शिरताना प्रशीलनं चक्क शीळ घातली. बॉनेट उघडून पाहिलं, हिरवं पाणी गळ्यापर्यंत. वजनाचा काटाही आज सरळ वागला. भूषण म्हणाला, "शाब्बास, आबा!" आणि नाना लहान पोरासारखे लाजले. मशीन संपलं तेव्हा नानांचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा दिसत होता. प्रशीलच्या मनात आलं, जगतील नाना. नीट सांभाळलं तर अजून खूप जगतील.

परतताना दुपार रणरणत होती. फागणे मागं टाकलं आणि काटा हलला.

प्रशीलनं वेग कमी केला. काटा थांबेना. त्यानं गरम गाडीत हीटर चालू केला, कारण हीटर इंजिनची उष्णता ओढून घेतो. आत भट्टी झाली, नानांनी डोळे मिटले, तरी काटा वर. शेवटी त्यानं एका कडुनिंबाखाली गाडी घेतली आणि बॉनेट उघडून ती निवायची वाट बघत उभा राहिला. गरम झाकणाला हात लावू नये हे शहाणपण अजून शाबूत होतं. मग ओलं फडकं हवं होतं, ते भिजवायला पाणी नव्हतं. कोरड्याच फडक्यानं त्यानं झाकण हळूच ढिलं केलं. वाफेचा फुस्स आवाजही आला नाही. आत काही नव्हतंच.

तो गाडीखाली आडवा झाला. हिरवा डाग नाही. पाइप कोरडे. पुढची मॅट कोरडी. मागचं दार उघडून त्यानं ड्रायव्हरच्या मागची मॅट उचलली, तीही कोरडी. आज थेंबही सांडला नव्हता. मग गेलं कुठं? गळलं नाही, जळलं नाही. तिसरी वाट नसते म्हणाला होता प्रेमराज. डोकं काम करेनासं झालं. त्यानं डिकी उघडली, दुसऱ्या कॅनचं सील आपल्या हातानं तोडलं, गाडी चालू केली आणि हळूहळू सगळा कॅन आत ओतला. साधं पाणी मिसळायचं नव्हतं. तसं ते जवळ नव्हतंही.

गाडी निघाली. काटा मधोमध येऊन टेकला. प्रशीलनं घाम पुसला.

टण्.

त्यानं आरशात पाहिलं. आरशात सीटचा डावा अर्धा भाग दिसायचा. उजवा, त्याच्या स्वतःच्या पाठीमागचा, दिसायचा नाही. नानांनी मान मागं टाकली होती. तोंड उघडं, डोळे मिटलेले. कुणी वरून धार सोडावी आणि आपण ती झेलावी तसे. हात मांडीवर, दोन्ही रिकामे. आणि गळ्याची घाटी वर-खाली होत होती. घोट. घोट. घोट.

प्रशीलनं ब्रेक दाबला. मागं वळून पाहिलं. उजवीकडे कुणी नव्हतं. सीटचं रेक्झिन तेवढं दबलेलं होतं, आणि बघता बघता ते वर आलं.

नानांनी डोळे उघडले. चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की प्रशीलला रडू फुटेल असं झालं. त्यांनी खिशातला पांढरा रुमाल काढून ओठ टिपले. रुमालावर डाग उमटला. हिरवा.

"आज पाणी गोड शे रे," नाना म्हणाले.

प्रशील त्या डागाकडे बघत राहिला. कुलूप त्याचं. सील त्यानं तोडलेलं. ओतलं त्यानं, आपल्या हातानं, काळजी घेऊन. एक कॅन आधीच गेला होता.

मग एकाएकी त्यानं गाडी दुभाजकाच्या फटीतून उलटी वळवली आणि धुळ्याच्या दिशेनं सोडली. फोन करायचा विचार आला. सांगायचं काय? माझ्या वडिलांनी रेडिएटर प्यायला? कसा, म्हणून विचारलं तर? जाऊ दे, तिथं पोचल्यावर बघू, मशीनला लावा म्हणू, पाया पडू. पोचायला गाडी चालायला हवी. गाडी चालायला हे हिरवं आत राहायला हवं. आणि ते आत राहणं त्याच्या हातात नव्हतं.

ज्याच्या हातात होतं, तिच्याशी बोलायला त्याची जीभ रेटेना. नानांचा मुलगा तो. पण बापाचा चेहरा आरशात होता.

"माय," तो म्हणाला. समोर रस्त्याकडे बघत, मोठ्यानं. "माय, नको गं देऊ. ते पाणी नाहीये. विष आहे ते. मी टाकलंय, माझी चूक झाली. त्यांना आता नको देऊ. माय, ऐकतेस ना?"

गाडीत फक्त इंजिनचा आवाज होता. मग मागून, त्याच्या पाठीशी, अगदी जवळून आवाज आला. टण्. पेला तांब्यावर पालथा ठेवला होता.

प्रशीलच्या घशातून हुंदका बाहेर पडला. ऐकलं. मायनं ऐकलं! काटा मधोमध होता, हलत नव्हता. फागणे पुन्हा दिसू लागलं. त्यानं पाय दाबला. अजून थोडं, माय, पूल ओलांडेपर्यंत.

मागं डुलकी लागलेले नाना जागे झाले. त्यांनी कोरडे ओठ एकदा चाटले आणि उजवीकडे वळले, रिकाम्या जागेकडे, आणि आयुष्यभर मागितलं तसं मागितलं.

"आखो."

प्रशीलनं नानांकडे पाहिलं नाही. तो काट्याकडे बघत राहिला. थोडा वेळ काटा तिथंच होता. मग तो वर सरकू लागला.